सही राहिलेलं ड्रॉइंग

ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात, टेबलाखालच्या पेन्सिलीच्या भुग्यासारखे. एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांतला एक तर मला अजून स्वप्नात दिसतो.

आमच्या जबलपूरच्या तोफांच्या फॅक्टरीत वामन फिटर होता. पाइपलाइनचा उस्ताद, अन् कान कढईच्या कड्यांसारखे बाहेर! दोन पोरांनंतर त्यानं नसबंदी करून घेतली. अडीच महिन्यांनी कळलं, कुसुमवहिनींना दिवस गेलेत. दुसरा महिना! यानं एक शब्द न बोलता बायकोला पोरांसकट जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात माहेरी पोचवलं.

फॅक्टरीच्या दवाखान्याचे डॉक्टर भडकले. "अरे, तीन महिने सांभाळ म्हणून बजावलं होतं ना? कापल्यावरही पुढच्या नळीत जुनं बीज शिल्लक असतं!"

"कापलं म्हणजे कापलं, डॉक्टरसाब."

मग डॉक्टर शरीरशास्त्राचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. "भैया, या नळीचं मोठं ड्रॉइंग काढून दे. हा माणूस कागदाशिवाय कोणाचं ऐकत नाही. संसार मोडेल त्याचा."

*

टेबलावर थंडीचं ऊन, ड्रॉइंगच्या नकला काढायच्या अमोनियाचा वास, लांबून लेथची गुणगुण. मी नळी काढून राहिलो होतो. वृषणापासून निघते, वर चढते, पोटात शिरते, मूत्राशयाला वळसा घालून मागून खाली येते.

"वीतभर अंतराला हातभर पाइप! कोण्या इंजिनियरनं टाकला हा?"

डॉक्टर हसले. "आईच्या पोटात वृषण वर असतात, किडनीपाशी. तिथून खाली उतरतात, नळी मागे ओढत."

माझी पेन्सिल थांबली. म्हणजे आपण येताना आपली वाट सोबत घेऊन येतो! अख्खी दुपार मी त्या एका वळणावरच होतो.

*

हेड ड्राफ्ट्समन पिंपळखुटे साहेब येऊन वाकले. "लघवीची अन् ही, दोन लाइनी, अन् बाहेर पडायला नळ एकच? काहून?"

"शिफ्ट असते, साहेब," डॉक्टर म्हणाले. "ही लाइन सुटली की मूत्राशयाचं तोंड बंद."

"अच्छा! म्हणजे फॅक्टरीपेक्षा शिस्त बरी आहे!"

पण 'तपासलं'च्या रकान्यात सही? छे! "नमुन्याशी ताळा केल्याशिवाय मी सही करत नाही. अन् नमुना मागवू नका!"

*

तेव्हा ऑफिसातल्या प्रत्येक कागदावर 'गोपनीय' शिक्का पडायचा. शिक्केवाल्यानं यावरही मारला, अन् आमचं ड्रॉइंग तोफांच्या ड्रॉइंगांबरोबर तिजोरीत!

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तिकडे वहिनींचे वडील रोज दवाखान्याच्या बाकावर येऊन नुसते बसत. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी साहेबांनीच नियम शोधला. गोपनीय ड्रॉइंग ज्या कामगाराच्या कामाचं असेल, त्याला दाखवता येतं! रजिस्टरात वामनचं नाव चढलं. कामाच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं, "घरगुती."

*

वामननं नळीवरून बोट फिरवलं. कापल्या जागी थांबला. तिथून पुढे, मूत्राशयामागच्या वळणापर्यंत सावकाश गेला.

"व्हॉल्व्ह बंद केला तरी पुढची लाइन भरलेली असते. नव्या लोकांना मी हेच शिकवून राहिलो, भैया. अन् तिला साधं विचारलंसुद्धा नाही!"

जेवणाच्या सुट्टीत त्यानं सायकल काढली. वहिनी काही लगेच आल्या नाहीत. तीन रविवार त्याला माहेरच्या अंगणात बसवून ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबरच केलं! चौथ्या रविवारी टांगा वहिनींना अन् पोरांना घेऊन आला.

*

सात महिन्यांनी दोघं फॅक्टरीच्या गेटवर पेढे घेऊन आले. वहिनींच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी, गाढ झोपलेली.

पिंपळखुटे साहेबांनी पेढा बाजूला ठेवला. कपाळावरचा चष्मा खाली ओढला. बाळाचं टोपडं हळूच वर सरकवून एक कान पाहिला. मग दुसरा पाहिला.

माझ्याकडे वळून म्हणाले, "तिजोरीतलं ते ड्रॉइंग काढ रे. सही राहिलीय माझी!"