घटपर्णीचं पहिलं फूल

आमच्या घरात अंडं येत नाही आणि सासूबाईंच्या ताटाला कांदा-लसूणही चालत नाही. त्या माळकरी. अशा घरात मी माशा खाणारं झाड आणलं, तेव्हा त्यांनी असं तोंड केलं की जणू मी ओसरीवर खाटीक भाड्यानं ठेवला.

घटपर्णी. पानांचीच उभी, लांब नळकांडी, वर झाकण, काठाला गोड रस आणि तळाशी पाणी. माशी रसाला भुलते, घसरून आत पडते, आणि झाड तिला जिरवतं. मंगरूळपीरला मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. पोरांना दाखवायला म्हणून कुरिअरनं मागवलं आणि माझाच त्यावर जीव जडला.

"राक्षस हाय हा," सासूबाई म्हणाल्या. "माह्या तुळशीपाशी ठेवू नोको."

"मग कुठे ठेवू, आई?"

"संडासावर ठेव."

ठेवलं. अंगणातल्या संडासाच्या स्लॅबवर, दात-ओठ खात ठेवलं. तिथलं दिवसभराचं ऊन झाडाला मानवलं म्हणून गप्प बसले, नाहीतर त्याच दिवशी घरातलं एक भांडं जागेवर राहिलं नसतं.

चार वर्षं जपलं. याला खत चालत नाही. बोअरचं पाणी तर विषच, त्यातल्या क्षारांनी मुळं जळतात. म्हणून पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवायचं, वर झाकण आणि झाकणावर दगड, कारण आमचा नवरा त्याच पाण्यानं बिनदिक्कत मोटारसायकल धुवायचा. वर मलाच विचारायचा, पाण्यात काय फरक असतो म्हणून.

एका एकादशीला शाळेतून आले, तर प्रत्येक नळकांड्याच्या तोंडात कापसाचा बोळा. वातींचा कापूस! एरवी गुडघे दुखतात म्हणून साधा तांब्या उचलत नाहीत, पण यासाठी बाई स्लॅबच्या पायऱ्या चढून गेल्या होत्या.

"हे काय केलं, आई?"

"उपास हाय आज. आपल्या घरात एकादशीले जीव मरत नाई."

"झाडाला कसला उपास?"

"घरात राह्यते ना ते? मंग घराची रीत पाळन."

दुसऱ्या कुणाच्या घरातली गोष्ट असती तर मी पोट धरून हसले असते. माझं डोकं फिरलं. चिमट्यानं एकेक बोळा काढला. मग दर एकादशीला तेच. नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, "कापूसच तं हाय, काढून टाक." त्याचं हे नेहमीचंच. आईनं घालावं, मी काढावं आणि यानं सुखानं जेवावं.

यंदा थंडी सरता सरता झाडाच्या बुडातून एक नागडा देठ वर आला. टोकाला गोल कळी. मी तिथे स्लॅबवर उभी राहून रडले. मला बी हवं होतं. माझ्याकडे एकच कंद, तो आमच्याकडच्या उन्हाळ्यात कधी दगावेल याचा नेम नाही. बी धरलं तर रोपं होतील, आणि ती पहिल्या पानापासून माझी असतील. या घरात तशी माझी एकही वस्तू नाही. फूल उमललं की ब्रशनं परागकण लावायचे, पाकळ्या गळू द्यायच्या आणि फुलाच्या पोटातलं बोंड पिकेपर्यंत, म्हणजे पार दिवाळीपर्यंत, देठाला धक्का लागू द्यायचा नाही.

जेवताना सगळ्यांसमोर बजावलं, "त्या फुलाला कुणी हात लावायचा नाही. मला बी धरायचंय."

सासूबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "राक्षसाच्या फुलाले कोन हात लावते, बाई."

मी निर्धास्त झाले. त्यांच्या किळसेचा मला पहिल्यांदाच आधार वाटला.

फूल उमललं. पिवळंधमक, मान खाली घातलेलं, लांब पाकळ्या लोंबत होत्या. वास मात्र मांजरानं मुतल्यासारखा. सकाळी शाळेत जाताना पाहिलं, पराग अजून सुटला नव्हता. दुपारी आले ती चपलाही न काढता ब्रश घेऊन वर गेले. देठ होता. फूल नव्हतं. नखानं खुडलेलं होतं.

खाली आले तर देवघरात तो वास भरलेला, आणि फूल विठोबाच्या डोक्यावर. सासूबाई समोर बसलेल्या, चेहरा असा प्रसन्न की लग्न होऊन आल्यापासून मी तसा पाहिला नव्हता.

"ये," त्या म्हणाल्या. "नव्या झाडाचं पयलं फूल देवाचं असते. म्या वाह्यलं. आता तुहं झाड बाटलेलं नाई राह्यलं. आन त्याले खाली, तुळशीपाशी ठेव."

हेच ऐकायला मी चार वर्षं तरसले होते. आता ऐकलं आणि देव्हारा उलथून टाकावासा वाटला.

"मी सांगितलं होतं, बी धरायचंय."

"बी कायले पाह्यजे?" त्या खरंच गोंधळल्या. "देवाले वाहाचंच नसन, तं झाडाले फूल लागतेच कायले?"

टोमणा नव्हता तो. मनापासून विचारत होत्या, आणि तेच मला जास्त झोंबलं. टोमण्याला मी टोमणा दिला असता.

मी हात पुढे केला आणि विठोबाच्या डोक्यावरचं फूल उचललं.

"अवो, देवाचं उचलते? आग लागो तुह्या शिक्षणाले!" त्या किंचाळल्या. नवरा घास तोंडात घेऊन धावत आला. "एका फुलासाठी एवढं?"

"हो," मी म्हणाले. "एका फुलासाठी."

तशीच अंगणात गेले. मूठ उघडून पाहिली. पराग आत्ता कुठे सुटला होता. सगळी बोटं पिवळी झाली होती, आणि आता तो लावून काही उपयोग नव्हता.