मेंदीची खुर्ची

कासुर्डीच्या शिवारात एका पत्र्याच्या शेडमध्ये ब्राँझच्या खुर्च्या होतात, हे यवतच्या बाजारात सांगितलं तर लोक हसतील. पण होतात. पाठीला वेली, हातांना पानं, पायांना मुळं. बसायला अवघड, म्हणून श्रीमंतांना फार आवडतात. त्या ओतायचा शेखलाल. उभी हयात देवळांच्या घंटा ओतण्यात गेली. उतारवयात मालकीणबाई राजनंदिनीनं ‘कलाकार’ म्हटलं आणि गडी हुरळला.

त्याची करामत अशी, की अस्सल फांदीवरच मातीचे थर द्यायचे, भट्टीत आतली फांदी जाळायची, राख फुंकून काढायची आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. पानाची शीर न् शीर उठते. फांदी मात्र कायमची जाते.

नव्या खुर्चीसाठी राजनंदिनीला बारीक पानांचं एक झाड हवं होतं, मुळासकट. शेखलालच्या परसात तसं होतं, मेंदीचं. त्याच्या बायकोनं, सरदारबीनं, पाबळच्या माहेरून फांदी आणून लावलेलं. घरातल्या प्रत्येक नवरीच्या हाताला त्याचाच पाला. यंदा धाकट्या लेकीची, बुशराची पाळी होती, म्हणून सरदारबी उन्हाळाभर भाजी धुतलेलं पाणीसुद्धा त्याच्या बुडाशी ओतत होती.

ती लग्नाचं आवतण द्यायला पाबळला गेली, तेवढ्यात यानं झाड खणून काढलं. मनात वाईट काही नव्हतं, हौसच दांडगी. झाड आज ना उद्या वाळणारच, ब्राँझमध्ये ते कायमचं राहील, बायको खूश होईल, असं त्याला वाटलं. शिवाय पुन्हा लावायला म्हणून त्याच्या चार काड्या त्यानं मातीच्या डब्यात खोचल्या होत्या. डबा ठेवला भट्टीशेजारी. शहाण्याच्या काड्या दोन दिवसांत होरपळल्या.

ओतकामही फसलं. इतक्या बारीक पानांतली राख निघालीच नाही. साचा फोडला तर पानापानाला भोकं. मॅडम, हे मोडून टाका, माझी लाज जाईल, असं शेखलाल विनवत राहिला. राजनंदिनीनं खुर्चीवर हात फिरवला. किडीनं खाल्लेली पानं किती खरी वाटतात, म्हणाली. दुसऱ्या दिवशी खुर्ची टेम्पोत चढली.

सरदारबीनं परत येऊन परसातला खड्डा पाहिला आणि आत जाऊन चूल पेटवली. भांडली असती तर शेखलालला बरं वाटलं असतं.

मेंदीच्या दिवशी पोरींनी बाजारातले कोन आणले. साचा फोडताना एक पान तुटून पडलं होतं, तेवढंच बिनभोकाचं. शेखलालनं ते घासूनपुसून ठेवलं होतं. रुमालातून काढून त्यानं बायकोपुढं धरलं. पान खरंच देखणं होतं.

“तुझ्या झाडाचं हाय,” तो म्हणाला. “आता ह्याला मरण न्हाई.”

सरदारबीनं ते उलटसुलट करून पाहिलं. भिंतीशी उभा केलेला पाटा आडवा केला, धुतला, त्यावर पान ठेवलं आणि वरवंटा नवऱ्याच्या हातात दिला.

“वाटा,” ती म्हणाली. “लेक थांबलीय.”