मामंजींचं पहिलं मरण

आमचे सासरे दोनदा वारले. पहिल्या खेपेची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती.

तेव्हा सिनेमे मुके होते. आमचे हे मुंबईच्या एका कंपनीत कॅमेरा चालवीत. तिथे सगळे देवांचे सिनेमे. यांना माणसांचे काढायचे होते. नोकरी सोडून, जुना कॅमेरा घेऊन हे लोणावळ्याला आले आणि म्हणाले, "आता आपला स्वतःचा सिनेमा!" (आपला म्हणजे, विचार यांचे आणि बाकी सगळं माझं.)

गोष्ट होती एका हट्टी म्हाताऱ्याची. तसा म्हातारा घरचाच होता. मामंजी सुदुंबऱ्याला शेती करीत, आणि मुलाचा धंदा त्यांना कधी पटला नाही. तरी ते काम करायला तयार झाले, एका अटीवर.

"एक डाव मरतो तुझ्यासाठी. पर ह्यो शिनेमा पडला, तर ही क्यामेऱ्याची पेटी इकायची आन् नांगर धरायचा. कबूल?"

"कबूल, आबा."

शेवटी फक्त अंत्ययात्रेचा प्रसंग राहिला, आणि फिल्मही तेवढ्यापुरतीच राहिली. पुन्हा घ्यायची सोय नव्हती. मी यादी केली. बांबू, पांढरं कापड, गुलाल, तुळस, मडकं, रडायला सहा बायका, आणि मामंजींना टोचू नये म्हणून तिरडीवर घोंगडी. एकेक कलम पुरं करून खूण केली.

सकाळी सुदुंबऱ्याच्या घरी अंगणात तालीम सुरू झाली आणि सहाही बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या.

"अगं बायांनो, रडा!"

"आबा डोळा उघडून बगत्यात, आमी काय करू?"

एवढ्यात वेशीकडून हंबरडा आला. वराळ्याच्या आत्याबाई, मामंजींची धाकटी बहीण! तळेगावला निघालेल्या कुणीतरी आमच्या अंगणात तिरडी बांधताना पाहिली आणि जाता जाता वराळ्यात बातमी टाकली. (वराळ्याला आधी कळवणे, हे कलम माझ्या यादीत नव्हतं.) मी अडवायला धावले, तर हे ओरडले, "थांब! येऊ दे तिला!" आणि कॅमेऱ्याचं हँडल फिरवू लागले. याबद्दल मी यांना अजून माफ केलेलं नाही. मी थांबले, हेही खरं.

आत्याबाई तिरडीवर कोसळल्या. "दादा रं! न भेटता गेलास! माज्या लग्नात रुसून बसलास, मांडवात आला न्हाईस, तरी म्या कदी बोलून दावलं न्हाई रं!"

आता बायका खरोखर रडू लागल्या. हँडल फिरवताना यांच्याही डोळ्यांना धार लागली. आणि मामंजी ताडकन उठून बसले.

"रुसलो न्हवतो! पाय मुरगाळला व्हता!"

आत्याबाईंनी किंकाळी फोडली. दोन खांदेकरी जे पळाले ते थेट शिवारात! हे ओरडत होते, "आबा, मरा! परत मरा!" पोटचा मुलगा बापाला हे सांगत होता! पण ऐकतं कोण? भाऊ-बहीण गुलालात बसून भांडले, फिल्म संपेपर्यंत.

मी नव्या नांगराची चौकशी सुरू केली. यांनी मात्र तो तुकडा तसाच ठेवला आणि मध्ये पडद्यावर वाचायची एक पाटी घातली, 'मेल्यावरही माणसाला काही सांगायचं असतं.' लोणावळ्याला सिनेमाच्या तंबूत लोक आधी हसले, मग गप्प झाले. सिनेमा चालला. पुढे यांनी माणसांचेच सिनेमे काढले. "अशा कल्पना सुचतात कुठून?" असं कुणी विचारलं की हे नम्रपणे आभाळाकडे बघत.

आत्याबाईंचं मत मात्र बदललं नाही. "रुसलाच व्हता त्यो."

काही वर्षांनी मामंजी खरंच गेले. यादीतलं पहिलं कलम, वराळ्याला निरोप. निरोप्या एकटाच परत आला.

"त्या म्हणत्यात, ह्या येळंला फसायची न्हाई."

मग हे स्वतः वराळ्याला गेले, तेव्हा त्या आल्या. उंबऱ्याशी थांबून त्यांनी मला विचारलं, "पेटी कुटंय?"

"लोणावळ्याला. कुलपात."

"देवाची आन?"

"तुमची आण, आत्याबाई."

मग त्या भावाच्या उशाशी बसल्या. हंबरडा नाही, काही नाही.

"न्हवतास रुसला, दादा," त्या हळूच म्हणाल्या. "पायच मुरगाळला व्हता." आणि थांबल्या. आम्ही सगळेच मामंजींच्या तोंडाकडे बघत राहिलो.

ते काही बोलले नाहीत.

माझ्या यादीत सगळं होतं, फक्त स्वतःसाठी रुमाल लिहायचा राहिला होता. मी त्या यादीनंच डोळे पुसले. शाई दोन्ही गालांना लागली, आणि तशाच तोंडानं मी दिवसभर साऱ्या गावाला नीटनेटकेपणानं कामं सांगत फिरले.