महालक्ष्म्यांसाठी पाळी ढकलायची गोळी

मित्रहो, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

परळीत मेडिकलवर उभा होतो. शेजारी सासू-सून. सासू दुकानदाराला म्हणाली, "महालक्ष्म्या आल्यात. सुनेची पाळी पुढं ढकलायची गोळी द्या."

सून हळूच म्हणाली, "आत्या, गेल्या सणाला गोळी घेतल्यावर पाय लई सुजलता."

"मंग सोळा भाज्या काय मी एकटी करू?"

दुकानदाराने चिठ्ठी न मागता गोळ्या कापून दिल्या. मी अडवलं तर हसला. "सर, समदेच घेतात."

अहो, ही काय डोकेदुखीची गोळी आहे? अंडाशयात तयार झालेलं हार्मोन रक्तातून गर्भाशयापर्यंत जातं. ते कमी झालं की पाळी येते. ही गोळी शरीराला ते कमीच झालं नाही असं भासवते. गोळीनं पाय सुजणं ही रक्तात गाठ झाल्याची खूण असू शकते, आणि त्यात जीव जाऊ शकतो. हे मी तिथंच सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि गोळ्या पिशवीत टाकल्या. सून त्यांच्या मागं चालू लागली.

महालक्ष्म्यांपुढं आपण त्यांची बाळंही हौसेनं मांडतो. ती बाळं पाळीशिवाय झाली का? आज आपापल्या घरी विचारा आणि उत्तर इथं लिहा.