मावशीच्या गाडीवरचं रेडियम

माझ्या मावशीला गल्लीत सगळे दुर्बीण म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला ठाऊक आहे. दूधवाला हसून बोलला की काल त्याने मापात काहीतरी केलेलं असतं. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं नाही की आजार नक्की मोठा. काका एकदा आपणहून भांडी घासायला बसले, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "काय फोडलंत?" आणि काकांनी खरोखरच बरणी फोडली होती. त्या बरणीने सगळा घोळ केला. तेव्हापासून मावशीचा स्वतःच्या संशयावर जो विश्वास बसला तो बसलाच.

मावशी आणि काकांची लाँड्री आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. गिऱ्हाइकं मोजकी, पण मोठी: एक प्रसूतिगृह आणि एक लॉज. काका दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभे असतात, वाफेत अर्धे दिसतात, अर्धे नाही. बोलणंही तसंच, अर्धं. धुणं, वाळवणं, आणणं, पोचवणं सगळं मावशीकडे. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात ती दोऱ्याचा टाका घालते. प्रसूतिगृहाचा हिरवा, लॉजचा तपकिरी. हिरवी चादर लॉजला गेली तर काय होतं ते एकदा झालं होतं, आणि त्याची आठवण काढलेली तिला चालत नाही. तेव्हा खूण म्हणजे मालकी, हे तिच्या हाडात मुरलेलं. खूण नसलेलं फडकं तिच्या दृष्टीने बेवारस.

गाडी तिच्या सासऱ्यांची. काळी, जुनी, जडशीळ मोटरसायकल, किक उलटी मारणारी. सासरे गेले तेव्हा दोघा भावांनी कपाटं, पलंग, शिलाईमशीन सगळं गोडीगुलाबीने वाटून घेतलं. गाडी तेवढी वाटणीत आलीच नाही. काकांना चालवता येत नाही, त्यामुळे धाकट्या भावाने, म्हणजे मावशीच्या दिराने, ती आपलीच धरली होती. लहानपणी वडिलांपुढे टाकीवर बसून फिरलेला माणूस तो. पण नेमका त्याच आठवड्यात लाँड्रीचा टेंपोवाला काम सोडून गेला, आणि मावशीने गाडी "दोन दिवसांपुरती" बाहेर काढली. मैदानात पडत झडत शिकली. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

भाऊजी भांडणारे नव्हेत. हसत विचारायचे, "वहिनी, आमची गाडी काय म्हणते?" त्यातला 'आमची' मावशीला घशात अडकलेल्या काट्यासारखा टोचायचा. यंदा मात्र त्यांनी हसणं सोडून सरळ सांगितलं की थंडी सरली की गाडी मी नेणार, तुम्ही दुसरं काहीतरी बघा. दुसरं काय बघणार? धुतलेल्या चादरी दिवस मावळायच्या सुमारास प्रसूतिगृहात पोचल्या नाहीत तर ते काम दुसरीकडे जाणार, आणि ते काम गेलं की लाँड्रीत उरणार नुसती वाफ. मावशी गाडीची किल्ली गळ्यात घालून झोपू लागली.

आणि अशात गाडीवर ती पट्टी आली.

संध्याकाळी फेरी संपवून ती गाडी पुसत होती. मागच्या मडगार्डच्या डाव्या कडेला बोटाएवढा लाल रेडियमचा तुकडा. कोपरे नीट गोल कापलेले, कडा दाबून बसवलेल्या. चुकून चिकटलेला नाही, कोणीतरी निगुतीने लावलेला. तिने काकांना बोलावलं. काकांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, छान चमकतंय की.

"चमकायला नाही लावलंय," मावशी म्हणाली. "खूण केलीय."

कोणी केली हा प्रश्नच नव्हता. भाऊजी हार्डवेअरच्या दुकानात कामाला, आणि तिथे रेडियम मिळतं. आज एक तुकडा, उद्या दुसरा, आणि थंडी सरली की चार लोकांसमोर म्हणतील, बघा, गाडीवर खूण माझी आहे. मावशीने काकांची गरम इस्त्री फडक्यात गुंडाळून पट्टीवर धरली आणि नखाने ती सोलून काढली. चार दिवसांनी उजव्या कडेला नवीन आली. तीही सोलली. मग एकदम दोन आल्या.

ती खिळे घ्यायच्या निमित्ताने भाऊजींच्या दुकानात जाऊन आली. काउंटरमागे रेडियमच्या गुंडाळ्या होत्या, पण सगळ्या पिवळ्या. काका म्हणाले, मग तो नसेल. मावशी म्हणाली, "लाल लपवून ठेवलीय, म्हणजे तोच." त्या दिवसापासून गाडी रात्री घरात येऊ लागली. इस्त्रीचं टेबल आणि गाठोडी यांच्यामध्ये ती अशी उभी असायची की काकांना पाणी प्यायला जायचं तर तिच्या सीटवरून पाय टाकून जावं लागे. ते बिचारे कमी पाणी पिऊ लागले. पट्ट्या येतच राहिल्या. म्हणजे घरी नाही, फेरीवर कुठेतरी.

यात मी शिरले ती अपघाताने. एका संध्याकाळी मी सायकलवरून घरी येत होते आणि मावशी लॉजची मळकी गाठोडी घेऊन पुढे चालली होती. अंधार पडला होता. गाडीचा आवाज येत होता, तो गल्लीला पाठ आहे, पण मावशी दिसेना. गाठोड्यांवर ती काळी ताडपत्री बांधते, धुळीसाठी. ओझ्याने गाठोडी मागे लोंबतात आणि ताडपत्री थेट मागच्या दिव्यावर येते. दिवा लागलेला होता, पण पांघरुणात बॅटरी लावावी तसा. मागून मला दिसत होते ते फक्त दोन लाल ठिपके, एक डावीकडे, एक उजवीकडे, बरोबर जिथे ताडपत्री संपते तिथे. मागून एखादी गाडी आली की पेटायचे, गेली की विझायचे.

मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, तिचा जीव भांड्यात पडेल. ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ ताडपत्रीकडे बघत राहिली.

"गाडी घरात उभी असते तेव्हा दिवा दिसतो ना?"

दिसतो, मी म्हटलं.

"म्हणजे ज्याने पट्टी लावली, त्याने मला ओझ्यासकट बघितलंय. अंधारात. मागून." तिने आवाज खाली आणला. "रोज माझ्या मागे कोणीतरी असतं."

तिचं बरोबर होतं. तिने मला बजावलं की यातलं अक्षर भाऊजींच्या कानावर जाता कामा नये. बाईमाणसाच्या मागावर कोणी आहे म्हटल्यावर ते त्याच पावली किल्ली मागतील, आणि तेव्हा नाही म्हणायला तोंड उरणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक थांब्यावर उतरली की आधी मडगार्ड बघायची आणि निघताना पुन्हा. तिसऱ्याच दिवशी सापडलं. प्रसूतिगृहाच्या मागच्या दारी गाडी लावून ती गाठोडी वर नेते, तेवढ्यात काम होत होतं. मग तिने एक दिवस गाठोडी वर नेलीच नाहीत. तिथल्याच तळमजल्यावरच्या कपड्यांच्या खोलीत टांगलेल्या चादरींमागे उभी राहिली, खिडकीला डोळा लावून. मलाही उभं केलं, साक्षीला.

आवारात ऑक्सिजनची नळकांडी पोचवणारा ट्रक आला. ड्रायव्हर उतरला. पोट सुटलेला, चप्पल फरफटत चालणारा माणूस. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खिशातून लाल गुंडाळी काढली, दाताने तुकडा तोडला, आणि मावशीच्या गाडीमागे उकिडवा बसून अंगठ्याने पट्टी घासू लागला.

मावशी दारातून अशी सुटली की एक चादर तिच्या खांद्यावरच आली. तो उठेपर्यंत ती त्याच्यासमोर उभी होती.

"कोणाचा माणूस तू?"

"गॅसवाल्यांचा," तो म्हणाला.

"भाऊजींनी तुला माझ्या मागावर ठेवून किती दिवस झाले?"

"कोण भाऊजी?" आता तो माझ्याकडे बघू लागला, मी तरी काही सांगेन म्हणून.

मग सगळं बाहेर आलं, उलटसुलट, अर्धं तिच्या प्रश्नांतून. थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. कारखान्याच्या भिंतीकडच्या रस्त्यावर, जिथे दिव्याचे खांब नाहीत, तो रिकामी नळकांडी घेऊन चालला होता. समोर रस्ता मोकळा दिसत होता. अचानक त्या मोकळ्या रस्त्यात एक पाय दिसला. बाईचा, चपलेसकट. त्याने ब्रेक दाबला तेव्हा मागची सगळी नळकांडी केबिनवर येऊन आदळली. पुढे ती बाई तशीच निघून गेली, तिला पत्ताही नाही. दोन दिवसांनी तीच गाडी आणि तीच ताडपत्री त्याला या आवारात दिसली.

मावशीने विचारलं, मग सांगितलं का नाही?

"आलो होतो सांगायला. इथेच. मी 'बाई, जरा ऐका' म्हटलं, तर तुम्ही माझ्या ट्रकचा नंबर तळहातावर लिहून घेतलात आणि वॉचमनला हाक मारलीत. मग मी म्हटलं, बोलण्यापेक्षा लावलेलं बरं."

नंबर लिहून घेतल्याचं मावशीला आठवत होतं. तिने ते नाकारलं नाही. पण दिवा झाकला जातो हे मानलंही नाही. दिवा रोज निघायच्या आधी मी डोळ्यांनी बघते, म्हणाली. तो म्हणाला, गाठोडी बांधायच्या आधी बघता की नंतर? तिने खांद्यावरची चादर काढून घडी घातली आणि गाडीला किक मारली.

रात्री जेवताना बोलली. तो आणि भाऊजी मिळालेले नसतील कशावरून? ही पोरगी म्हणते दिसत नाही, तो म्हणतो दिसत नाही, पण मी कुठे बघितलंय? मी म्हटलं, तूच बघ. त्यावर काका पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. म्हणाले, बघायचं तर गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवायला हवी, आणि ती चालवता येणारा दुसरा माणूस एकच आहे.

मावशीने हात धुतले आणि तशीच भाऊजींच्या दाराशी गेली. किल्ली पुढे केली. भाऊजी किल्लीकडे बघत राहिले, हात काही पुढे येईना.

"काय मोडलंय?" त्यांनी विचारलं.

"काही मोडलेलं नाही."

"मग माझ्या हातून मोडायचंय का? म्हणजे म्हणायला मोकळ्या, की भाऊजींनी घेतली आणि लगेच वाट लावली."

या घराण्यात संशय सुनेने आणलेला नाही, हे मला त्या दारात कळलं. शेवटी मीच मध्ये पडून कशासाठी ते सांगितलं. ट्रकवाल्याचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर आम्ही कारखान्याच्या भिंतीशी गेलो. मावशीने दुपारीच सगळ्या पट्ट्या इस्त्रीने सोलून काढल्या होत्या. परीक्षा घ्यायची तर कॉपी चालणार नाही, म्हणाली. गाठोडी रोजच्यासारखी बांधली, ताडपत्री घातली. भाऊजींनी किक मारली. इतक्या वर्षांनी, पण पहिल्याच किकला गाडी सुरू झाली, आणि मावशीचा चेहरा पडला. तिला त्या गाडीने असं कधी केलं नव्हतं. जाताना भाऊजींनी वळून बघितलंसुद्धा नाही.

भिंत अर्धी व्हायच्या आत ते नाहीसे झाले. आवाज येत होता, धडधड, धडधड, आणि रस्त्यावर कोणी नव्हतं.

"नेली," मावशी पुटपुटली. "बघ, नेली त्यांनी."

तेवढ्यात आमच्या मागून बस आली. रिकामी, डेपोला जाणारी, वेगात. तिचा उजेड आमच्यावरून पुढे सरकला, भिंतीवरून घासत गेला, आणि त्या उजेडातही समोर काही दिसेना. मावशीने माझा दंड धरला. मग सोडला आणि बसच्या मागे धावत सुटली, ओरडत, "भाऊजी! भाऊजी, कडेला व्हा!" तिच्या आयुष्यात ती इतक्या मोठ्याने कधी ओरडली असेल असं मला वाटत नाही. बसचा हॉर्न लांबलचक वाजला. चाकं किंचाळली. बस एका बाजूला झुकली, सरळ झाली आणि निघून गेली. धडधड बंद पडली होती.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी भिंतीला टेकवलेली होती आणि भाऊजी तिच्याशेजारी जमिनीवर बसले होते. मावशीने गाडीकडे बघितलं नाही. त्यांचे गुडघे चाचपले, कोपर चाचपलं, लागलंय का, कुठे लागलंय, बोला ना.

"लागलं नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मला बस आरशात दिसत होती, वहिनी. मी तिला दिसत नव्हतो."

मग त्यांनी उठून किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली. म्हणाले, ही ओझ्याची गाडी झालीय आता, टाकीवर बसून फिरायची राहिली नाही. तुम्हीच चालवा. पण उद्या मी लोखंडी पट्टी आणतो, दिवा ताडपत्रीच्या बाहेर काढून बसवू. तोवर ही रस्त्यावर चालणार नाही.

"आणि थंडी सरल्यावर?" मावशीने विचारलं.

"थंडी सरल्यावरही."

"यात तुमचा काय फायदा?"

भाऊजींनी तिच्याकडे असं बघितलं की मीच मान खाली घातली. मग मी घरून आणलेली बॅटरी त्यांनी माझ्याकडून घेतली.

गाडी घरी आली ती ढकलत. मावशीने हँडल धरलेलं, मी बाजूने हात लावलेला. भाऊजी मागून उलटी बॅटरी धरून, उजेड येणाऱ्या गाड्यांकडे करून चालत होते. एकेक गाडी लांबूनच वेग कमी करायची आणि वळसा घालून जायची. मावशी दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होती.

"किती वेळा बघताय?" भाऊजी शेवटी म्हणाले. "सांगितलं ना, नाही नेत."

"गाडी माझ्या हातात आहे," मावशी म्हणाली. "तुम्ही आहात का ते बघतेय."