मामांच्या घरातलं नवं हब

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडून एकच शब्द निघतो : मामा. आईने मला पालेगावहून त्यांच्या उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका खोलीच्या घरात आणून सोडलं, तेव्हा मी सातवी पास झालो होतो. मामा अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात पाळ्या करायचे. मला अभ्यासाला जागा हवी म्हणून त्यांनी घरातली एकुलती एक खाट काढली आणि तिथे टेबल मांडलं. मी पदवीधर होईपर्यंत मामा-मामी खाली सतरंजीवर झोपले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यांनी बदलापूरला शिरगावात फ्लॅट घेतला. तिथे मामांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. तेव्हा मी त्यांच्या घरी दिवे, पंखे, पडदा, दाराचं कुलूप असं सगळं एका छोट्या डबीला, म्हणजे हबला, जोडून दिलं. पलंगाच्या कडेला बटणं चिकटवली. उजव्या हाताने बटण दाबलं की काम व्हायचं. त्यातलं एक बटण मामींना बोलवायचं होतं. ते दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजायची आणि आतून मामी ओरडायच्या, "आले, आले! हा काय कारखाना आहे, भोंगा वाजवायला?" मग मामा मुद्दाम पुन्हा दाबायचे.

गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले नातेवाईक अजून घरातच होते. त्या दिवशी लाईट गेली, आली, परत गेली, आणि त्यात हब कायमचं बंद पडलं. साधा दिवा लावायलाही मामांना शेजाऱ्यांना हाक मारावी लागू लागली. त्यांचा मुलगा बायकोबरोबर पुण्याला असतो. तो म्हणाला, "बाबा, आता बास झालं. माझ्याकडे चला."

मामांना जायचं नव्हतं. मला बाजूला बोलावून म्हणाले, "तू फक्त हे घर चालू करून दे. मग बघतो मला कोण हलवतं ते."

मी जुनं हब घेऊन उल्हासनगरला गेलो. तिथल्या एका सिंधी दुकानदाराने ते उलटंपालटं केलं आणि माझ्या हातात परत ठेवलं. "साईं, ये तो गया. अभी ये मॉडेल आता ही नहीं. नया ले जाओ, पर सब चीज फिरसे जोडना पडेगा."

तसंच झालं. जुन्यातलं काहीच नव्यात येईना. एकेक बल्ब बंद-चालू, बंद-चालू करत तो लुकलुकायला लागेपर्यंत थांबायचं, मग नव्या हबला त्याची ओळख करून द्यायची. मी स्टुलावर उभा, मामा पलंगावरून देखरेखीला. "एवढा शिकलास आणि बल्बला डोळे मारतोयस होय रे?" पडद्याची मोटर मात्र नव्या हबने घेतलीच नाही. "राहू दे," मामा म्हणाले, "बाहेर बघण्यासारखं आहे काय? एक टॉवर झाला की दुसरा टॉवर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामींचं बटण तेवढं उरलं.

"मामा, हे जोडू का?"

"सगळं होतं तसं कर."

मी जोडलं. मामांनी स्वतः हात पुढे करून ते दाबलं. स्वयंपाकघरात घंटी खणखणीत वाजली.

आम्ही दोघंही दाराकडे बघत राहिलो.

मामा म्हणाले, "इतके दिवस दाबतच होतो रे. वाटायचं, मशीन बिघडलंय, तिला ऐकू जात नसेल."

मी त्यांचा हात धरून बसलो.

"पोराला फोन लाव," ते म्हणाले. "येतो म्हणावं."

"पण मामा, घर चालू झालंय. तुम्ही राहू शकता आता."

"चालू झालं ना, बाळा. छान केलंस. पण मला नाही राहवणार इथे."

मुलगा गाडी घेऊन आला. आम्ही दोघांनी मामांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. जाताना त्यांनी घराकडे वर पाहिलं नाही. झटक्यानंतर फोनवर त्यांचं बोलणं नीट कळत नाही, म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं.

"ती. मामांस,

सप्रेम जयभीम. तुम्ही सुखरूप पोहोचल्याचं कळलं. शिरगावचं घर मी झाडून-पुसून बंद केलं आहे. भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर तुमच्या पांढऱ्या धोतरात गुंडाळून माझ्याकडे आणली आहे. फळीवर मामींनी भरून ठेवलेली सुक्या बोंबलांची बरणी सापडली. ती टाकवली नाही. रविवारी येताना दोन्ही घेऊन येतो. वहिनींना बोंबलांचा वास चालेल का, तेवढं विचारून ठेवा.

तुम्हाला तुमच्या घरात ठेवता आलं नाही, याचं फार वाईट वाटतं. तुम्ही मला ठेवून घेतलं होतं. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, म्हणून आजवर तुम्हाला या म्हणता आलं नाही. आता अंबरनाथला तळमजल्यावर जागा बघायला लागलो आहे. तुम्ही नको म्हणाल, हे माहीत आहे. तरी बघणार आहे.

तुमचा भाचा"