साहेब गातील, तुम्ही वाजवा

अमरावतीत आम्ही चौघांनी बँड काढला तेव्हा गाणी आमची होती, चाली आमच्या होत्या आणि ऐकणारेही आमच्याच घरचे होते. मी गायचे. कार्यक्रम मिळवायचे तर व्हिडिओ टाका, कॅफेवाल्यांना भेटा, असं सगळे जाणकार सांगत. आम्ही व्हिडिओ टाकला. त्याखाली माझ्या मावशीने जोडलेले हात टाकले. एका कॅफेवाल्याने अर्धं गाणं ऐकून घेतलं आणि अदबीने विचारलं, "बिनाआवाजाचं काही हाये का? लोक जेवून राह्यले न."

शेवटी कलेच्या मदतीला बाबा धावले. अकोल्याला त्यांच्या ऑफिसातले साहेब निवृत्त होत होते. "मी शब्द देला हाये, नाक कापू नका," एवढंच ते म्हणाले.

हॉल भरलेला होता. आमचं गाणं दुसऱ्या कडव्यात पोचलं आणि हार घातलेले साहेब उठून थेट स्टेजवर आले. त्यांनी हात पुढे केला. कौतुक समजून मी तो हातात घेतला. त्यांना माइक हवा होता.

"बाई, तुमी बसा जराशा. नोकरीभर दुसऱ्याचंच आयकलं. आज मी म्हणतो."

साहेबांनी एक जुनं हिंदी रडकं गाणं धरलं. सूर आमच्या गिटारवर नव्हताच, आणि ताल ते सोबत आणायला विसरले होते. गिटारवाला त्यांच्यामागे धावत होता, ड्रमवाला थांबून वाट पाहत होता. पहिल्या रांगेत त्यांच्या सौभाग्यवती पदराने डोळे पुसत होत्या. संपल्यावर हॉल दणाणला. मला तशा टाळ्या कधीच पडल्या नव्हत्या.

आम्ही स्टेजवरून उतरताच पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे एक गृहस्थ आम्हाला गाठून म्हणाले, "मी दोन गाणे म्हणतो. तालमीले कधी येऊ?"

तेव्हापासून आम्हाला उसंत नाही. "ते पोरं साहेबायले सांभाळून घेतात," अशी आमची ख्याती आहे. पाहुणे जेवायला गेले की आम्ही आमची गाणी वाजवतो, खुर्च्यांसाठी.

हिवरखेडला मात्र निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिका ताट घेऊन समोर येऊन बसल्या.

"हे कोणाचं व्हय?"

"आमचंच."

"मंग मले शिकव. मीच म्हणतो हे."

त्या शिकल्या. एक शब्द त्यांना पटला नाही, तो त्यांनी बदलला आणि मला विचारलंही नाही. मला राग आला. मग घरी त्यांचा शब्द घालून गाऊन पाहिलं. आता आम्ही तसंच गातो.